मोहाचं साल

द्राक्षाच्या वाईनच्या बाटलीवर साल छापलेलं असतं. त्या वर्षी पाऊस किती लांबला, छाटणीनंतर थंडी पडली की आभाळ भरूनच राहिलं, गारा झाल्या का, हे सगळं जाणकार त्या चार आकड्यांवरून ओळखतात. ‘अवघड हंगाम आणि त्याची चव’ असा विषय संपादकांनी या अंकासाठी दिला तेव्हा त्यांच्या मनात नाशिक असणार. ते साहजिकही आहे. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड परिसरात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मी मात्र नाशिक मागे टाकून तळोद्याला गेले आणि तिथून चांदसैलीचा घाट चढून अक्राणी तालुक्यातल्या धडगावला. नंदुरबार जिल्ह्यातलं मद्य द्राक्षाचं नाही, मोहाचं आहे. आणि मोहालाही साल असतं. कुणी चांगलं म्हणतं, कुणी बेताचं, कुणी पार वाया गेलेलं. ते कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं, पण अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुणालाही विचारा, गेल्या कितीतरी फाल्गुनांचा हिशेब तोंडपाठ मिळतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मोहाची दारू ही काटेकोर अर्थाने वाईन नव्हे. फुलं भिजवून आंबवतात तिथवर तिची वाट वाईनचीच असते, पुढे ते आंबवण भट्टीवर चढतं आणि वाफेची धार होते. पण हवामान चवीत उतरतं ते भट्टीच्या आधी, आणि त्यासाठीच मी गेले होते.

पहाटेची वेचणी

माघ सरत आला की सातपुड्यातला मोह पानं गाळू लागतो. झाड उघडं पडतं आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली लव असलेल्या कळ्यांचे घोस धरतात. फुलं उमलतात रात्री. वटवाघळं येतात, गोड गर खातात आणि जाता जाता परागीकरणही करून जातात. पहाटेच्या सुमाराला पाकळ्यांची मांसल वाटी देठापासून सुटते आणि टपकते. झाडाखाली अंधारात उभं राहिलं तर ती टपटप स्पष्ट ऐकू येते. उजाडेपर्यंत जमिनीवर फिकट पिवळा सडा पडलेला असतो.

बाया आणि पोरं टोपल्या घेऊन चारच्या सुमाराला निघतात. उशीर केला तर शेळ्या-गुरं आधी पोचतात आणि सूर्य वर आला की जमिनीवरचं फूल मऊ पडून मातीला चिकटतं. मी एक फूल उचलून पाहिलं. मोठ्या बोराएवढं, आतून पोकळ, दुधाच्या सायीच्या रंगाचं, बोटांना चिकटणारं. चावल्यावर आधी निव्वळ गोडी, मग जिभेवर थोडी चुणचुण. शेजारी वेचत असलेल्या मावशींनी माझ्या हातातलं फूल घेतलं, आतले केसर चिमटीने काढून टाकले आणि परत दिलं. खायचं असेल तर ते काढायचे, नाहीतर कडवट लागतं. भाजून, तिळाबरोबर कुटून, भाकरीच्या पिठात मळून ही फुलं इथे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहेत. दुष्काळात तर पोटाला आधार याच झाडाने दिला. दारू हा मोहाचा एक उपयोग आहे, एकुलता एक नाही. पुढे ज्येष्ठाच्या सुमाराला फळं पिकतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं, ते स्वयंपाकाला आणि दिव्याला चालतं.

बांधावरची झाडं घराची असतात. भाऊ वेगळे निघाले की जमिनीबरोबर मोहही वाटले जातात. लेकीच्या सासरची माणसं येतात तेव्हा जमीन किती याच्या जोडीने झाडं किती हेही बोलण्यात येतं. म्हणून एका झाडाने एखाद्या वर्षी दगा दिला तर त्या घराच्या हिशेबात तो आकडा लगेच दिसतो.

आभाळ भरलं की

चांगलं साल कसं ओळखायचं? दिवस तापलेला, आभाळ निरभ्र, पहाट गार. अशी हवा दोन-तीन आठवडे टिकली तर एकेक झाड रोज टोपल्या भरून देतं. ढग दाटले की गळ मंदावते. फूल उमलायला वेळ लागतो, उमललं तरी सुटत नाही, सुटलं तरी पाणचट निघतं. वीज कडाडली की कळ्या ‘बसतात’, असं पाड्यांवर ठामपणे सांगतात. विजेचा आणि कळीचा थेट संबंध सिद्ध करता येईल की नाही ते जाणकारांनी पाहावं. पण फाल्गुनात वीज येते ती वादळवारा आणि पाऊस घेऊनच, आणि वाऱ्याने घोसच्या घोस अवेळी झडतात हे तर डोळ्यांना दिसतं. आणखी एक खूण जुनी माणसं सांगतात. अवेळी ओल मिळाली की झाडाला नवी तांबूस पालवी लवकर फुटते. पालवी आली की फुलांचा जोर गेला.

हा फाल्गुनातला पाऊस येतो कुठून? हिवाळ्याच्या शेवटी भूमध्य समुद्राकडून सरकत येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून जातात. त्यांचा प्रभाव जरा दक्षिणेकडे उतरला आणि अरबी समुद्रावरची दमट हवा त्यांना भेटली की खानदेशावर ढग उभे राहतात. दिवसा जमीन तापलेली असते, म्हणून ते ढग गारांचे होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपिटीने जो हाहाकार केला तो असाच. २०२३ मध्ये तर ऐन होळीच्या दिवसांत उत्तर महाराष्ट्रात वादळी पाऊस झाला आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा झाला. मोहाची फुलं नेमकी तेव्हाच पडत असतात. नाशिकच्या द्राक्षाला वर्षभरात संकटाच्या अनेक वेळा असतात. मोहाला एकच, आणि ती जेमतेम महिन्याची.

पंचनामे गव्हाचे झाले, हरभऱ्याचे झाले, केळी-पपईचे झाले. झाडाखालच्या फुलांचा पंचनामा होत नाही. ते पेरलेलं पीक नाही, सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, विमाही नाही. शेत बुडालं तर निदान कागद होतो. मोह बुडाला तर तो फक्त घरातल्या बाईला कळतो. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त टोचलं ते हेच.

वाळवणाचा जिल्हा

नंदुरबार हा वाळवणावर जगणारा जिल्हा आहे. शहराजवळ हिवाळ्यात व्यापाऱ्यांच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते, नजर पोचेल तिथवर. धडगावकडे चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून चिरतात आणि आमचूर वाळवतात. आणि या दोन्हींच्या मधे मोह. तिन्ही उद्योगांना छप्पर नाही, यंत्र नाही, फक्त जमीन आणि ऊन. त्यामुळे अवकाळी पाऊस इथे पिकाला मारतो त्याहून जास्त वाळवणाला मारतो. झाडाने भरभरून दिलेलं असलं तरी साल वाया जाऊ शकतं, ते असं.

ओल्या फुलात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं आणि उरलेल्यात बहुतेक साखर. फुलाच्या अंगावर हवेतलं यीस्ट बसलेलंच असतं. म्हणजे आंबायला लागणारं सगळं त्या एका फुलात तयार आहे. ते थांबवायचं तर पाणी लवकरात लवकर काढायला हवं. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा खडकावर फुलं पातळ थरात पसरतात, दिवसातून दोन-तीनदा हाताने परततात. कडक ऊन असलं तर चार-पाच दिवसांत फूल मनुक्यासारखं आक्रसतं आणि तांबूस होतं. मुठीत दाबलं तर गोळा व्हायला नको, सुटं व्हायला हवं. मग ते कणगीत जातं.

दुसऱ्या दिवशी सर आली तर? धावपळ करून फुलं गोळा करतात, घरात ढीग लावतात. ढिगात ऊब धरते. रात्रीत आतून वास येऊ लागतो, आधी गोडसर आणि मग आंबट. यीस्टच्या पाठोपाठ जिवाणू येतात आणि दारूच्या जागी आंब तयार करतात, बुरशी येते आणि फूल काळं पडतं. पुन्हा ऊन दाखवलं तरी तो काळेपणा जात नाही. मी असे दोन ढीग शेजारी शेजारी पाहिले, एकाच घरातले, एकाच झाडाचे, पावसाच्या आधीचे आणि नंतरचे. पहिल्यातल्या फुलांना मनुक्याचा आणि थोडा गुळाचा वास होता. दुसऱ्यात हात घातला तर बोटांना काळा चिकटा लागला आणि नाकाला झोंबलं.

फुलं स्वच्छ मिळावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची जुनी सवय आहे. त्यातून वणवे लागतात, आणि जळक्या जमिनीवर पडलेल्या फुलाला राख चिकटते. आता काही भागांत झाडाखाली जाळी बांधतात. फूल जमिनीला लागतच नाही, पाचोळा जाळायला नको आणि खायच्या मालाला चांगला भाव मिळतो. मध्य प्रदेशात अशा जाळीवरच्या मोहाला परदेशातून गिऱ्हाईक मिळालं आहे. अवकाळीच्या वर्षात जाळीचा आणखी एक फायदा आहे: ओल्या मातीत फूल रुतत नाही. सातपुड्याच्या आपल्या बाजूला ही जाळी कितीतरी जास्त झाडांखाली दिसायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

माठातलं हवामान

सुकी फुलं पाण्यात भिजत घालतात. पोलिसांच्या आणि उत्पादन शुल्क खात्याच्या बातम्यांत ज्याला ‘सडवा’ म्हणतात तो हाच. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत माठ बोलू लागतो, म्हणजे बुडबुड्यांचा आवाज येतो. थंडीत तेच काम आठवडाभर चालतं. बुडबुडे थांबले आणि फुलं तळाला बसली की आंबणं पुरं झालं. त्यात साखर उरू द्यायची नाही आणि एक दिवस जास्तही ठेवायचं नाही, नाहीतर आंबट होतं. हे सगळं कानाने, नाकाने आणि बोट बुडवून ठरतं. द्राक्षाच्या कारखान्यात त्यासाठी थर्मामीटर, साखर मोजायची यंत्रं आणि थंड ठेवायच्या टाक्या आहेत. इथे माठ उन्हातून सावलीत हलवणं हीच तापमानाची सोय.

थंडीच्या महिन्यांत सावकाश आंबलेल्या मोहाची धार मऊ असते, असं जुनी माणसं सांगतात. त्याला आधारही आहे. गरम हवेत यीस्ट घाई करतं आणि त्या घाईत घशाला ओरखडणारी, डोकं धरवणारी जड अल्कोहोलं जास्त तयार होतात. म्हणजे फुलांचं साल फाल्गुनात ठरतं, पण घोटाची चव ठरवण्यात माठ भरला त्या आठवड्याच्या हवेचाही वाटा असतो.

मग भट्टी. खाली आंबवणाचं भांडं, त्यावर दुसरं, सांधे ओल्या मातीने आणि चिंध्यांनी लिंपलेले, बांबूची नळी आणि वाफ थंड करायला पाणी. पहिल्या धारेची कडक असते, पुढची सौम्य होत जाते. सरपण किती कोरडं आहे यावर विस्तव अवलंबून, विस्तव समान राहिला तरच धार समान.

आता खराब सालाचं काय होतं ते सांगते, कारण खरी गोम इथे आहे. काळ्या फुलात साखर कमी उरलेली असते, आंब जास्त. जाणती बाई असा माल देवकार्यासाठी वापरत नाही. थोडं गुरांना घालते, बाकी येईल त्या भावाला विकते. तो माल पुढे धंद्याच्या हातभट्ट्यांकडे जातो. तिथे साखरेची तूट काळ्या गुळाने भरून काढतात आणि आंबणं लवकर उरकावं म्हणून नवसागर टाकतात. असली दारू पिणाऱ्याच्या शरीराची दुर्दशा होते. लोक दोष मोहाला देतात. फूल नासलं ते पावसाने, आणि उरलेलं काम केलं गुळाने आणि नवसागराने.

भाव आणि भरपाई

वाळवलेल्या मोहफुलांना केंद्र सरकारचा किमान आधारभूत भाव आहे. २०२० च्या मे महिन्यात तो किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये झाला. कागदावर वाढ मोठी आहे. पण होळी तोंडावर असते, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला कपडे-दागिने घ्यायचे असतात, उचल फेडायची असते. अंगणात फूल पुरतं वाळायच्या आधीच व्यापाऱ्याचा टेम्पो दारात येतो. आभाळात ढग दिसले तर त्याच्याशी घासाघीस करायची ताकदच उरत नाही. रात्री पाऊस आला तर सगळंच जाईल, म्हणून अर्ध्या वाळल्या मालाला तो सांगेल तो भाव. आणि पावसाळ्यात, किंवा घरात लग्नकार्य वा इंदलाची पूजा निघाली की, तीच फुलं त्याच बाजारातून चढ्या भावाने परत विकत घ्यायची. म्हणजे नुसता ढगाचा धाकही भाव पाडतो, पाऊस पडो न पडो. खराब सालाचं नुकसान वेचणारीच्या पदरात आणि नंतरची तेजी साठवणाऱ्याच्या. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा आहे, आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. दोन्हींनी गौण वनउपजावर ग्रामसभेचा हक्क मानला आहे. ग्रामसभेने स्वतः फुलं विकत घेतली, कोरड्या गोदामात ठेवली आणि रंग-वास पाहून दोन-तीन प्रती लावून भाव दिला, तर चांगलं वाळवणाऱ्या बाईच्या कसबाला पहिल्यांदा पैसे मिळतील. आज तांबूस आणि काळं फूल अनेकदा एकाच तराजूत एकाच भावाने पडतं.

एक झाड, तीन कायदे

अक्राणीच्या डोंगरावर उभं राहिलं की उत्तरेला नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात. झाड तेच, माणसं बरीचशी एकमेकांच्या नात्यातली. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत गाळता येते. गुजरातेत दारूबंदी आहे. तरी महाशिवरात्रीला सागबारा तालुक्यातल्या देवमोगरा मातेच्या, म्हणजे याहा मोगीच्या जत्रेला नंदुरबारचे हजारो भाविक जातात आणि मोहाची धार वाहतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे.

फुलांवरचा पहारा त्याहून जुना. १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा करून फुलं गोळा करण्या-साठवण्यावरच बंधन घातलं. सरकारी दारूचा महसूल बुडू नये, हा त्यामागचा हेतू. फुलं साठवण्या-वाहण्यावरची बंधनं राज्याने २०२१ मध्ये उठवली. पुढच्या वर्षी मोहफुलांपासून आणि काजूबोंडांपासून केलेल्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्याआधीच, २०१८ मध्ये, गोव्याच्या डेस्मंडजी या ब्रँडने मोहाचं बाटलीबंद मद्य बाजारात आणलंच होतं. त्याची चव घेऊन शहरात लोक कौतुक करतात. ज्या हातांनी ते फूल वेचलं त्यांनी तेच घरी गाळलं तर गुन्हा दाखल होतो. ही तफावत डोळ्यांआड करून मोहाच्या चवीवर लिहिता येत नाही.

दारू नको म्हणणारा सातपुडा

पण या डोंगरातून दारूविरुद्धचा आवाजही तितकाच खणखणीत उठला आहे, आणि तो बाहेरच्यांनी शिकवलेला नव्हता. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि पश्चिम खानदेशात देवीची चळवळ पसरली. अंगात आलेली देवी सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारू विकणाऱ्याच्या दारात जाऊ नका. कर्ज आणि दारू एकाच दुकानात मिळत होती, हे लोकांनी ओळखलं होतं. १९३७-३८ च्या सुमाराला तळोदा तालुक्यातल्या रंजनपूरचे गुलाम महाराज यांच्या आरतीला सातपुड्यातून माणसांचे लोंढे येत. व्यसन सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, हे त्यांचं सांगणं. १९७२ नंतर शहाद्याच्या श्रमिक चळवळीत आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या प्रभावातून पुढे आलेल्या बायांनी गावोगावची दारूची मडकी फोडली, कारण मजुरीचे पैसे आणि मार दोन्ही त्याच मडक्यातून येत होते.

या बायांपुढे मोहाच्या चवीचं गुणगान करायला मी कचरते. तरीही धडगावकडच्या एका घरात आजीने जे सांगितलं ते इथे लिहायला हवं. त्यांच्या घरी पिणं सुटलं आहे, पण नवं धान्य घरात आलं की पूर्वजांच्या नावाने दोन थेंब जमिनीवर टाकतात, आणि ते थेंब बाजारच्या बाटलीतले चालत नाहीत. फूल आपल्या झाडाचं हवं, तांबूस वाळलेलं. काळ्या फुलाचं पूर्वजांना देत नाहीत. सालाची परीक्षा इथे आजही होते, आणि ती पिण्यासाठी नाही.

होळीआधीची खरेदी

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, उंच बांबू आकाशात धरून, बावा-बुध्या बनून नाचणाऱ्यांच्या घुंगरांच्या तालावर रात्र जागवून. त्या रात्री नाचून आलेल्या बाया तशाच मोहाखाली वेचायला जातात. दोन्ही गोष्टींचा महिना एकच आहे, त्यामुळे पैशांची निकडही त्याच महिन्यात आणि ढगांची भीतीही.

मी ज्या घरी काळा आणि तांबूस असे दोन ढीग पाहिले, तिथल्या ताईंनी आता एक ठरवलं आहे. ताडपत्री होळीनंतर घ्यायची नाही, भोंगऱ्या बाजारात सगळ्यांत आधी घ्यायची. अंगणाच्या एका कडेला बांबूचा उंच मांडव घालायचा, म्हणजे फूल जमिनीवर न पसरता वारा खालूनही लागेल, आणि सर आली की ताडपत्री नुसती ओढून घ्यायची. मोबाईलवर पावसाचा इशारा येतो तो त्यांचा मुलगा वाचून दाखवतो. इशारा जिल्ह्याचा असतो, पाड्याचा नाही, तरी तो आला की त्या दिवशी पसरायची फुलं कमी करतात. हिशेब त्यांनी मला बोटांवर करून दाखवला: एका पावसात काळा पडलेला माल आणि चांगला माल यांच्या किमतीतल्या फरकात ताडपत्री पहिल्याच वर्षी फिटते. मांडवाचे बांबू घरचे आहेत. दोर तेवढा तळोद्याहून आणायचा आहे.